रॉक मशीनचं पुनर्श्रवण : नवशिक्यांसाठी सचित्र नसलेली मार्गदर्शिका

पात्रता

ज्यांच्या पोटमाळ्यावर ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ नावाची कॅसेट आहे किंवा असायला हवी होती, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. १९८८ साली आलेला मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या बँडचा हा पहिला अल्बम. उमेदवार त्या सुमारास कॉलेजात असावा, खिसा रिकामा असावा आणि केस वाढवायला घरून साफ नकार मिळालेला असावा. यातली शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. ज्यांना केस वाढवू दिले ते पुढे बँडमध्ये तरी गेले नाहीतर जाहिरात कंपनीत; त्यांना जुना अल्बम शोधावा लागत नाही, त्यांच्या दिवाणखान्यात तो फ्रेम करून लावलेला असतो.

ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांनी वाचायला हरकत नाही. मात्र प्रयोग एकट्याने करू नये, शेजारी एखादा काका बसवून घ्यावा.

पूर्वतयारी : चार गोष्टी ठाऊक असाव्यात

नाहीतर ऐन सोलोच्या वेळी कुणीतरी ‘हे कोण?’ विचारतं आणि रंगाचा बेरंग होतो. बँड सुरू झाला १९८४ मध्ये. अल्बमपर्यंत आणि त्यानंतर जी मंडळी लोकांच्या लक्षात राहिली ती अशी: गायला उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मेनेझिस, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. चर्चगेट लोकलच्या डब्यात हजेरी घ्यावी तशी ही यादी आहे. त्यातलं तिनईकर हे नाव आमच्यासारख्यांच्या फार कामाला आलं. ‘हे काय इंग्रजांचं धिंगाणासंगीत लावलंयस’ असं घरून आलं की ‘गिटारवर तिनईकर आहे’ असं सांगता यायचं. त्यावर आवाज कमी करा असं न म्हणता आई विचारायची, ‘कुठले तिनईकर?’ तेवढ्यात एक गाणं पार पडे.

त्या काळी आपल्याकडचा रॉक बँड म्हणजे दुसऱ्याची गाणी हुबेहूब वाजवणारी मंडळी. डीप पर्पल जितका तंतोतंत, तितका बँड मोठा. पब्लिकचाही हट्ट तोच. स्वतःचं गाणं सुरू केलं की मागच्या रांगा चहाला जात आणि पुढच्या रांगा ‘स्मोक ऑन द वॉटर’ची फर्माईश ओरडत. अशा पब्लिकसमोर आपलीच गाणी घेऊन पूर्ण अल्बम काढायला छाती लागते. हे धाडस पहिलंच होतं असं मात्र म्हणू नका, गोवेकर अंगावर येतील. शिवोलीत रेमो फर्नांडिसने १९८४ मध्येच घरी, चार ट्रॅकच्या यंत्रावर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून ‘गोवन क्रेझी’ रेकॉर्ड केला होता आणि आपल्या पिवळ्या स्कूटरवरून तो दुकानोदुकानी पोचवलाही होता.

आणखी एक ठाऊक असावी अशी गोष्ट म्हणजे रंगभवन. धोबी तलावला, झेवियर्स कॉलेजच्या मागे, उघड्या आभाळाखालचं प्रेक्षागृह. १९७८ पासून तिथे जॅझ यात्रा झाली, १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव. पुढे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. हॉस्पिटल, कॉलेज, कोर्ट यांच्यापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या आजूबाजूला या तिन्ही गोष्टी भरपूर. म्हणजे शहरातलं सगळ्यात गोंगाटाचं ठिकाण नियमाप्रमाणे सगळ्यात शांत असायला हवं होतं, आणि ते तसं झालं. तीर्थयात्रेच्या हेतूने तिकडे जाऊ नये. गेलात तर मेट्रो सिनेमापाशी इराणी चहा प्या आणि परत या.

इंटरनेटवर शोध घेणे

नवशिक्या इथेच पहिल्यांदा खचतो. ‘रॉक मशीन’ असं टाकलं की समोर येते कॅनडातल्या माँट्रियालची मोटरसायकलवाल्यांची टोळी. १९८६ साली स्थापन झालेली. ‘हेल्स एंजल्स’ या दुसऱ्या टोळीशी १९९४ ते २००२ अशी आठ वर्षं त्यांचं युद्ध चाललं आणि त्यात दीडशेहून जास्त माणसं मेली. आपल्या रॉक मशीनने उभ्या हयातीत कुणाच्या कानाच्या पडद्यापलीकडे काही फाडलेलं नाही, तेव्हा गोंधळ करून घेऊ नये.

बँडचा दुसरा अल्बम ‘द सेकंड कमिंग’, साल १९९०. हे टाकलंत तर आधी यीट्सची कविता येईल, मग ‘स्टोन रोझेस’ या इंग्रजी बँडचा १९९४ चा अल्बम. १९९३ मध्ये आपल्या मंडळींनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. ते शोधताना बोट जरा घसरलं तर मोहेंजोदारोच्या पायऱ्या. त्यांच्या २०१२ च्या ‘इव्हॉल्व्ह’ अल्बमला शोधायला जा, तर २०१७ मध्ये ‘इमॅजिन ड्रॅगन्स’ने त्याच नावाचा अल्बम काढून वाट अडवलेली. इतकी सातत्याने सापडू नयेत अशी नावं ठेवणारा बँड दुसरा नसेल. त्यांच्या ‘टॉप ऑफ द रॉक’ या गाण्याचा व्हिडिओ तेवढा सापडतो. तो लगेच पाहू नका. एकदा पाहिलात की त्या गाण्यावर आयुष्यभर ते कपडे दिसत राहतील.

तेव्हा पोटमाळा हाच राजमार्ग.

साहित्य

एक स्टूल, ते धरायला एक माणूस, षटकोनी शिसपेन्सिल, बारीक स्क्रू ड्रायव्हर, केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली, कापूस, आणि चालू अवस्थेतला टू-इन-वन टेपरेकॉर्डर. शेवटचा जिन्नस सहज मिळत नाही. त्याचं पुढे पाहू.

कॅसेट उतरवणे

पोटमाळ्यावर कॅसेट ज्या क्रमाने सापडतात त्यात निसर्गनियम आहे. आधी इंग्रजी संभाषणाचा कोर्स, तोही भाग दोन, कारण भाग एक कुणीतरी नेला. मग ‘अभंगवाणी’, मग पु. लं.ची कथाकथनं, मग कुणाच्या तरी मुंजीचं रेकॉर्डिंग. तुमची कॅसेट तळाशी. डबी सापडली म्हणून हर्ष करू नये. डबी ‘रॉक मशीन’ची आणि आत भक्तिगीतं हा महाराष्ट्रात घराघरात आढळणारा प्रकार आहे. अशा वेळी भक्तिगीतांची डबी शोधावी, तिच्यात आशाताई निघतील; मग आशाताईंची डबी शोधावी. नेट सोडू नये.

कॅसेट हाती आली की ती उन्हासमोर धरून निरखा. मुंबई-कोकणातली असेल तर रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसेल. ती बुरशी. अशी कॅसेट तशीच यंत्रात घातली तर बुरशी हेडला लागते आणि पुढे घातलेल्या प्रत्येक कॅसेटला तिचा प्रसाद मिळतो.

आता खालची उघडी बाजू पाहा. मधोमध, पातळ पितळी पट्टीवर, बोटाच्या नखाच्या निम्म्याएवढा नमद्याचा तुकडा असतो. रीळ हेडवर दाबून धरणं एवढंच त्याचं काम. तीस-पस्तीस वर्षांत त्याचा डिंक वाळतो आणि तुकडा गळून डबीच्या कोपऱ्यात पडतो. मग कॅसेट वाजते, पण उदय बेनेगल शेजारच्या इमारतीतून गाताहेत असं वाटतं. कित्येकांनी या टप्प्यावर ‘आता पूर्वीसारखी मजा येत नाही’ असा निष्कर्ष काढून अल्बम, तारुण्य आणि रॉक या तिन्हींना निरोप दिलेला आहे. दोष नमद्याचा होता. कॅसेटला कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच स्क्रू असतील तर ती उघडा, आणि नको असलेल्या कॅसेटचं कवच घेऊन त्यात आपली रिळं बसवा. इंग्रजी संभाषणाचा भाग दोन इथे उपयोगी पडतो. स्क्रू नसतील तर ती चिकटवलेली आहे. ब्लेड, धीर आणि घरात कुणी नसलेली दुपार लागेल.

रिळाची रुंदी चार मिलिमीटरलाही थोडी कमी. तिच्यात चार पट्ट्या: दोन इकडच्या बाजूच्या, दोन तिकडच्या. हेड खालीवर सरकलं तर ए बाजू ऐकताना बी बाजू मागून उलटी ऐकू येते. घाबरू नका, हा सैतानाचा संदेश नव्हे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात ‘जुडास प्रीस्ट’वर गाण्यात छुपे संदेश घातल्याचा खटलाच चालला होता, न्यायाधीशांनी तो फेटाळला.

पेन्सिल दात्यांत खोचून रीळ हलक्या हाताने ताणून घ्या. मग यंत्रात एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा शेवटपर्यंत मागे पळवा, कारण वर्षानुवर्षं एकाच जागी बसून वेटोळी एकमेकांना चिकटलेली असतात. माणसांबाबतही हे खरं असेल, पण ही मार्गदर्शिका कॅसेटपुरती आहे.

यंत्र

फिलिप्सने कॅसेट १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात जगासमोर आणली, तेव्हा ती बोललेलं टिपून घेण्यासाठी होती. तिच्यावर संगीत ऐकण्याचा आगाऊपणा नंतरचा, आणि तो सगळा भार एका रबरी बेल्टवर. तुमच्या टू-इन-वनचं बटण दाबल्यावर मोटर गुणगुणते पण चाकं फिरत नाहीत, म्हणजे बेल्ट गेला. गेला म्हणजे तुटला असं नाही, बहुतेक वितळून डांबर झाला. ते डांबर अल्कोहोलने पुसायचं, आणि ज्या शर्टावर ते लागलं तो शर्ट त्याच दिवशी पोछ्याला द्यायचा.

नव्या बेल्टसाठी मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडला जावं, पुणेकरांनी बुधवारातल्या तपकीर गल्लीत. दुकानदार तुमच्या नातवाच्या नाही तरी मुलाच्या वयाचा असेल. संवाद साधारण असा होईल.

‘बेल्ट आहे का रे, टेपरेकॉर्डरचा?’

‘काका, केवढा?’

‘जुना वितळला. केवढा ते कसं सांगू?’

‘मग काका, त्यात ब्लूटूथ टाकून देतो ना. मोबाइलवरची गाणी वाजतील.’

इथे वाद घालू नये. ‘आतल्या दोन चाकांना दोरा गुंडाळून माप आणतो’ असं सांगून निघावं. दोऱ्याच्या लांबीपेक्षा बेल्ट थोडा आखूड घ्यायचा, म्हणजे ताण राहतो. हे तो मुलगाच सांगेल, कारण ब्लूटूथचं बोलला तरी काम त्याला येतं.

बेल्ट बसला की वेग तपासा. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. तुमचं जुनं यंत्र तेव्हाही या वेगाने चालत नव्हतं, ते किंचित जलद होतं, त्यामुळे तुमच्या आठवणीतला अल्बम खऱ्या अल्बमपेक्षा पाव स्वर वर आहे. मोटरच्या पाठीला भोक असतं, त्यात बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून वेग कमीजास्त करता येतो. बरोबर वेगावर ठेवायचं की आठवणीच्या वेगावर, हा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा. मी आठवणीच्या बाजूचा आहे. हेडशेजारच्या स्क्रूच्या बाबतीत मात्र आठवणीला विचारू नका. झांजांचा आवाज स्वच्छ होईपर्यंत तो केसाकेसाने फिरवा आणि थांबा.

श्रवण

प्ले दाबा. गाण्याच्या आधीच्या शांततेत तेच गाणं अगदी बारीक आवाजात ऐकू आलं तर कान तपासायला धावू नका. रीळ वर्षानुवर्षं गुंडाळलेलं असलं की मोठ्या आवाजाचा चुंबकी ठसा शेजारच्या वेटोळ्यावर उमटतो. गाणं सुरू होण्याआधी त्याचं भूत येऊन जातं. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर हा ठसा जास्त पक्का बसतो, म्हणजे विदर्भातल्या कॅसेटी या बाबतीत जास्त अनुभवी.

बी बाजूला आणखी एक शक्यता आहे. विकतच्या कॅसेटच्या डोक्यावर दोन चौकोनी भोकं असतात, म्हणजे तिच्यावर चुकून रेकॉर्डिंग होऊ नये. आमच्या घरांत ते चुकून होत नसे, भोकावर सेलोटेप लावून होत असे. आमच्या प्रतीत एक सोलो ऐन चढावर असताना खट्ट असा आवाज येतो. मग आजी विचारते, ‘सुरू झालं का रे?’ मामा म्हणतो, ‘झालं. बोल.’ यावर आजी काहीच बोलत नाही. पंख्याची घरघर, कुकरची एक शिट्टी, पुन्हा खट्ट, आणि गिटार मध्यातूनच, जणू काही झालंच नाही अशी. पुढे कधीतरी एका मित्राकडे त्याच गाण्याची धड प्रत ऐकली. सोलो उगाच लांबवलेला वाटला.

आता मुख्य नियम. गाणं वगळायचं नाही. फास्ट फॉरवर्डला बोट लावायचं नाही. हा नियम भक्तिभावापोटी नाही, व्यवहारापोटी आहे. तेव्हा तीसेक रुपये देऊन कॅसेट घेतली की महिन्याचं बजेट संपायचं. घरात इंग्रजी कॅसेट सात-आठ. पुढे पळवलं की बेल्ट सैल होतो आणि सेल लवकर संपतात, हे घरातल्या मोठ्यांचं शास्त्र. म्हणून चांगलं गाणं यायला सुमार गाणं ऐकावं लागे, आणि पंधराव्यांदा ऐकताना त्या सुमार गाण्यातही बेसचा एखादा तुकडा सापडे. अल्बम थोर होता म्हणून पाठ झाला असं नाही. दुसरं काही नव्हतं म्हणून पाठ झाला आणि पाठ झाल्यावर थोर वाटायला लागला. आज खिशातल्या फोनमध्ये कोट्यवधी गाणी आहेत, त्यामुळे त्यातलं कुठलंच तीन वेळा ऐकावं लागत नाही. ती सक्ती परत आणायची तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि स्टूल धरणाऱ्या माणसाला सांगा की चाळीस मिनिटं हाक मारू नये.

सक्तीची सुटका झाल्यावर उरतं काय, तेही प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. शब्द बेताचे. मुंबईत वाढलेल्या पोरांनी अमेरिकी उच्चारात बंडखोरीची गाणी म्हणायची आणि आम्ही ती, साडेदहाच्या आत घरी पोचायचं म्हणून, धावत्या लोकलमध्ये गुणगुणायची. पण गिटारी आजही खणखणीत आहेत. तिनईकर आणि गांधी एकमेकांच्या पायात न येता वाजवतात. आणि सगळ्या अल्बमभर, कुणीतरी आपलंच काहीतरी करून पाहतंय याची धडपड ऐकू येते, जी हुबेहूब डीप पर्पलमध्ये कितीही सफाई असली तरी कधी ऐकू आली नाही.

पुढचा अभ्यासक्रम

इच्छुकांनी १९९५ चा ‘इंडस क्रीड’ ऐकावा. बहुतेकांच्या मते तोच त्यांचा सर्वात जमलेला अल्बम, आणि त्यातलं ‘ट्रॅप्ड’ आजही ताजं आहे. दुर्दैव असं की त्याच वर्षी अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ आला. घरोघरी केबल, टीव्हीवर हिंदी पॉप. इंग्रजी रॉकला विचारतो कोण? १९९७ मध्ये बँड थांबला, २०१० मध्ये पुन्हा जमला, आणि पहिल्या अल्बमनंतर चोवीस वर्षांनी ‘इव्हॉल्व्ह’ आला. तो धडधाकट अल्बम आहे. त्यात आजी नाही.

शंकानिरसन

मुलगी म्हणाली, ‘बाबा, हे बॉन जोव्हीसारखं वाटतंय.’ काय उत्तर द्यावं?
‘बॉन जोव्हीकडे तिनईकर नाही.’ यापुढे चर्चा वाढवू नये.

जुन्या मित्राला बोलवावं का?
एकालाच. दोन आले की अल्बम मागे पडतो आणि कुणाचं लग्न कुणाशी व्हायला हवं होतं यावर गाडी जाते.

डोळ्यांत पाणी आलं तर?
पोटमाळ्यावरची धूळ. खिडकी उघडा.

ऐकून झाल्यावर कॅसेट कशी ठेवावी?
शेवटपर्यंत वाजू द्यावी आणि रिवाइंड न करता ठेवावी. समजूत अशी की अशाने तो चुंबकी ठसा गाण्याच्या आधी कमी आणि नंतर जास्त येतो आणि मुख्य आवाजात लपून जातो. रेकॉर्डिंगवाले रिळं अशीच ठेवत. अडचण इतकीच की कॅसेटला दोन बाजू असतात. ए बाजूचा शेवट म्हणजे बी बाजूची सुरुवात, तेव्हा एकीला वाचवलं की दुसरीत भूत शिरणार. आमच्या घरी यावर मतभेद आहेत. मी ए बाजूच्या पक्षात आहे. बायको म्हणते, बी बाजूवर तुझी आजी आहे.